उभी बाटली, आडवी बाटली

बेळगाव, १८ जून २००६

मामा,

पाया पडते. आमच्या कंपनीचा ड्रायव्हर नारायणगावला निघालाय, त्याच्या हाती हे पत्र आणि एक छोटी बाटली पाठवते आहे. बाटलीवर लेबल नाही म्हणून घाबरू नका. आतला माल मी बनवलाय.

फोन केला असता, पण तोफखान्यानं तुमचे कान नेले तेव्हापासून फोनवर तुम्ही फक्त "हां हां" म्हणता आणि मग मामीला विचारता, "काय म्हणली गं?" हे मामीला विचारण्यासारखं नाही. मी औषधाच्या नाही, व्हिस्कीच्या कारखान्यात आहे, हे तुमच्याशिवाय अजून कुणालाच माहीत नाही. घरी डिंगोऱ्याला आई-दादांनाही नाही. म्हणून पत्रही तुमचे दोस्त सावळाराममामा यांच्या पत्त्यावर.

ही व्हिस्की नेहमीची नाही. स्कॉटलंडात दलदलीची जमीन असते. त्यात हजारो वर्षं झाडपाला कुजून दबतो आणि त्याची काळी माती होते, तिला पीट म्हणतात. ती वाळवून जाळायची आणि तिच्या धुरावर मोड आलेला जव वाळवायचा. तो धूर दाण्यात मुरतो, दारूत उतरतो आणि पुढं कितीही वर्षं पिंपात ठेवा, जात नाही. आम्ही तो धुरावला जव तिकडून मागवतो, बाकी सगळं इथं. ही पिंपं मी नोकरीला लागले त्या वर्षी माझ्या हातानं भरली. परदेशी धुरकट व्हिस्की इथं येईपर्यंत इतकी महाग होते की ती मोठ्या हॉटेलांच्या कपाटातच दिसते. आमची साध्या नोकरदाराला दिवाळीला घेता येईल अशी करायची, असं मी मालकांच्या डोक्यात भरवलंय.

पण आमचे मुख्य ब्लेंडर, म्हणजे पिंपं मिसळून चव जुळवणारे, पिंटोसाहेब म्हणतात, "आपल्या माणसाला धूर चुलीत चालतो, ग्लासात नाही." डिसेंबरात मुंबईला व्यापाऱ्यांना चाखायला देणार आहेत. त्यांनी नाक मुरडलं तर माझी सगळी पिंपं स्वस्त व्हिस्कीत ओततील आणि मला बाटल्या भरायच्या खात्यात पाठवतील.

तुम्ही बावीस वर्षं फौजेत प्यायलात. प्या आणि कशी वाटली ते लिहा.

तुमची
अश्विनी

*

तांबडेवाडी, ता. आंबेगाव
९ जुलै २००६

अश्विनी बाळा,

आशीर्वाद. बाटली पोचली. काय सांगू, लई म्हणजे लईच भारी. एकदम गोड, मधासारखी घशाखाली उतरती. असली चव मी कँटीनला कधी घेतली न्हाई. तुझ्या त्या पिंटोला सांग, हवालदार सयाजीनं पास केली. मुंबईवाले नाचत्याल.

हिकडं सगळं ठीक. भाताची लावणी चालू हाय. तुझी मामी मात्र घरात सापडत न्हाई. अंगणवाडीतनं रिटायर झाली तर मला वाटलं आता निवांत बसंल. तर तिनं गावातलं भागूशेठचं देशी दारूचं दुकान बंद करायचं मनावर घेतलंय. दुकान शाळंच्या समोरच, तुला म्हाईत हाय. लंकाबाईच्या नवऱ्यानं मुलीच्या पुस्तकांचे पैसं तिथं घातलं, तिथनं ही सुरुवात झाली. आता बायकांच्या सह्या गोळा करून घोडेगावला तहसीलदाराकडं द्यायच्या, मग सरकार मतदान घेतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असत्यात. उभी बाटली म्हंजे दुकान चालू, आडवी बाटली म्हंजे बंद. गावातल्या एकूण बायकांपैकी निम्म्याच्या वर बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला पाहिजे.

मी घरात गप ऱ्हातो. तुझी बाटली भुशाच्या पोत्यात.

तुझा
सयाजीमामा

*

बेळगाव, २० जुलै २००६

मामा,

तुम्ही खोटं बोललात.

त्या बाटलीत इतका धूर आहे की नाक चोंदलेल्या माणसालाही कळेल, आणि तुमच्या पत्रात धुराचं नावच नाही. मधासारखी गोड तर ती मुळीच नाही. खरं सांगा, काय केलंत?

मला शाबासकी नको, मामा. इथं मला शाबासकी देणारे आणि नावं ठेवणारे दोन्ही खूप आहेत, आणि दोघांनीही नीट चाखलेली नाही. मला दहावीला गणितात कमी मार्क पडले तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर "अभ्यास केला न्हाई" म्हणाला होतात. तो मामा मला हवाय.

दुसरी बाटली पाठवते आहे. आता असं करा. कोला नाही, सोडा नाही, बर्फ नाही, तिखट शेवही नाही. चहाचा काचेचा ग्लास धुऊन पुसून घ्या. तळाला दोन बोटं ओता. लगेच पिऊ नका, आधी वास घ्या, पण नाक आत खुपसू नका, तोंड थोडं उघडं ठेवून वरवर घ्या. मग एवढासा घोट तोंडात घोळवा. पहिला घोट सोडून द्या, तो फक्त जिभेची ओळख करून देण्यापुरता. मग चमचाभर पाणी घाला, पाच मिनिटं थांबा आणि पुन्हा घ्या. जे आठवेल ते लिहा. चांगलं-वाईट ठरवू नका, नुसतं काय आठवतं ते.

मामीचं वाचून मन कसंतरी झालं. ती दुकान बंद करते आहे आणि मी पिंपं भरते आहे. मी तिच्याच घरी राहून बारावी झाले. पण तिला अजून सांगू नका, मतदान होऊ दे.

तुमची
अश्विनी

*

तांबडेवाडी, २७ ऑगस्ट २००६

अश्विनी बाळा,

पकडलंस. पयल्या बाटलीचं असं झालं. ग्लास भरला आणि मामीची हाक आली. घाईत कोला ओतला, डोळे मिटून गटकन घेतला, राहिलेली करवंदीच्या जाळीत ओतली आणि रिकामी बाटली भुशात लपवली. म्हणून मधासारखी.

ह्या खेपेला नीट केलं. मामी सह्यांचा कागद घेऊन घोडेगावला गेली व्हती. मी आणि सावळाराम त्याच्या पंपाच्या खोलीत बसलो, भर दुपारी, दार उघडं ठेवून, बाहेर पाऊस. तुझं पत्र मी मोठ्यानं वाचलं आणि परेडसारखं एकेक पाऊल केलं.

वास घेतला तर सावळाराम म्हणला, "सयाजी, ह्यो दवाखाना हाय." खरंच, जखमंवर लावायचं लाल औषध असतं ना, तसा. मी म्हणलं पोरीनं चूक केली. पयला घोट घेतला, जीभ भाजली, आणि सगळ्या तोंडात राख. सावळारामनं ग्लास खाली ठेवला.

मग पाणी घातलं आणि थांबलो. थांबायला लागतं हे फौजंत कुणी सांगितलं न्हाई, तिथं ओतली की घेतली. पाच मिन्टानी पुन्हा वास घेतला आणि अश्विनी, दवाखाना गेला व्हता! शेतात हरभऱ्याचा हुळा भाजतो ना आपण, काटक्या टाकून, आणि घाटं फुटत्यात, तो वास. मग मला एकदम लेह आठवलं. बंकरमधी बुखारीची शेगडी पेटलेली, ओल्या कोटातनं वाफ निघतीय, आणि कुणीतरी संत्र्याची साल बुखारीवर टाकली. मी हे सावळारामला सांगितलं, तर तो म्हणतो, "मला तर लिंबाचं लोणचं येतंय, बरणीच्या तळाचं." दोघं येड्यागत ग्लास हुंगत बसलो. त्यानं खाली ठेवलेला ग्लास परत उचलला हे लिहून ठेव.

आता खरी गोष्ट. तुला खरंच पायजे म्हणून लिहितो, राग धरू नको. गिळली की संपती. पाव्हणा दारातनं आत येतो, मोठ्यानं बोलतो, सगळ्यांना हसवतो, आणि चहा ठेवूस्तवर निघून गेलेला असतो. आमी दोघं बघत ऱ्हायलो, अरे, कुठं गेला? मला वाटलं आणखी थोडा वेळ थांबायला पायजे व्हता.

सह्या पुऱ्या झाल्या. तहसीलदारानं अर्ज घेतला.

सयाजीमामा

*

बेळगाव, १५ ऑक्टोबर २००६

मामा,

"कुठं गेला?" हे दोन शब्द मी दीड महिना डोक्यात घेऊन फिरते आहे.

तुमचं पत्र वाचलं आणि प्रयोगशाळेत पळाले. पिंपातून निघते तेव्हा व्हिस्की फार कडक असते. ती पाणी घालून उतरवतात. मालकांनी बेचाळीस टक्के अल्कोहोलवर आणायला सांगितली होती, म्हणजे एका पिंपात जास्त बाटल्या निघतात. मी सेहेचाळीसवर थांबवून एक नमुना केला. चार टक्क्यांचा फरक, पण चाखल्यावर मी खुर्चीत बसून राहिले. धूर जिभेवरून हलेना. हळूहळू गोडी आली, मग मिरीसारखा तिखटपणा, आणि मग पुन्हा धूर, लांबून आल्यासारखा. तुमचा पाव्हणा मुक्कामाला राहिला, मामा.

पिंटोसाहेबांनी चाखली, ग्लासात पुन्हा थोडी ओतून घेतली. मग म्हणाले, "बरी आहे. पण मालक ऐकणार नाहीत." ऐकलं नाहीच. बाटल्या कमी निघणार, कर जास्त बसणार, किंमत वाढणार. मालक म्हणाले, "स्वस्त हवी म्हणून तूच मागे लागली होतीस ना?"

मी विचारलं, "बाटलीला पत्र्याचा डबा कशाला?" ते म्हणाले, सगळ्या महाग व्हिस्कींना असतो. मी म्हणाले, "डबा काढून टाका. सोनेरी झाकण काढून टाका. माणूस डबा पीत नाही. ते वाचलेलं सगळं बाटलीच्या आत घाला." मालक खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं आता हाकलतात. तर म्हणाले, "डब्याची ऑर्डर थांबवा."

मुंबईची तारीख ठरली, बारा डिसेंबर.

अश्विनी

*

तांबडेवाडी, १९ नोव्हेंबर २००६

अश्विनी,

वाईट झालं बाळा, आणि ते माझ्यामुळं. तुला सगळं सांगतो.

सावळारामच्या पोटात गोष्ट ऱ्हाईना. त्यानं न्हाव्याच्या दुकानात अभिमानानं सांगितलं, आपल्या अश्विनीनं अशी व्हिस्की केलीय की साहेबलोकांनी तोंडात बोटं घालावी. तिथं भागूशेठचा माणूस दाढी करत व्हता.

परवा ग्रामसभा झाली. मतदान दहा डिसेंबरला लागलंय, त्याची सभा. शाळंच्या व्हरांड्यात बाया खच्चून भरलेल्या, मला ऐकू यावं म्हणून सावळाराम कानापाशी बसून एकेक शब्द सांगत व्हता. मामी बोलायला उभी राह्यली आणि भागू मधीच उठला. म्हणला, "इंद्रायणीबाई आमचं दुकान बंद करायला निघाल्यात. करा. पण यांची सख्खी भाची बेळगावला दारूच्या कारखान्यात दारू बनवती, हे सांगितलंय का ह्या बायांना? घरची दारू चालती आणि आमचीच तेवढी वाईट?"

सगळ्या बायांच्या माना मामीकडं वळल्या. मामीनं माझ्याकडं बघितलं. मी चपलांकडं बघितलं. तिला जे कळायचं ते कळलं.

मला वाटलं बसती आता खाली. मतदान हातचं गेलं. तिनं पदर खोचला आणि म्हणली, "हे मला आत्ता कळलं. ज्यास्नी आधीपासून म्हाईत व्हतं त्यांच्याशी मी घरी गेल्यावर बोलते." बाया हसल्या, माझं तोंड काळंनिळं. मग ती भागूकडं वळली.

"भागूशेठ, तुमी खरं बोलला. माझी भाची दारू बनवती. मला आवडलं का? न्हाई आवडलं. पण ती शिकली, परीक्षा दिल्या, परमुलखात एकटी ऱ्हाती, सोताच्या अकलेवर पगार घेती. ती कुणाच्या नवऱ्याला दारातनं हाक मारून 'आज पी, पैसं नंतर दे' म्हणत न्हाई. शाळंची पोरं तिच्या दुकानापुढनं जात न्हाईत. आणि आता सगळ्यांच्या समोर सांगते, उद्या अश्विनीनं जरी ह्या शाळंसमोर दुकान थाटलं, तरी पयलं कुलूप मीच लावीन. भाची म्हणून सोडायची न्हाई. झालं माझ्या भाचीचं. आता तुमच्या दुकानाचं बोला."

भागू खाली बसला. लंकाबाई उभी राह्यली आणि टाळ्या वाजवाया लागली, मग सगळ्याच.

घरी आल्यावर मामी माझ्याशी बोलंल असं वाटलं व्हतं. बोलली न्हाई. दोन दिवस झालं, भाकरी वाढती आणि जाती. सावळारामच्या पंपाच्या खोलीतली उरलेली बाटली तिनं मागून घेतली. कुठं ठेवली ठाऊक न्हाई.

तू काही बोलू नको, मी बघतो. न्हाईतर बोल. मला काही कळत न्हाई.

सयाजी

*

बेळगाव, २६ नोव्हेंबर २००६

मामी,

हे पत्र तुझ्या नावानं, तुझ्याच पत्त्यावर.

मामांना बोलू नकोस. सांगू नका असं मीच सांगितलं होतं. तुला राग येईल म्हणून नाही. राग मी सोसला असता. तुला लढायला अडचण होईल म्हणून गप्प बसले, आणि अडचण झाली ती गप्प बसल्यामुळंच.

पण एक गोष्ट मी खोटी लिहिणार नाही. मला या कामाची लाज वाटत नाही. सकाळी नऊला आम्ही एका लांब टेबलाशी बसतो. समोर बारा-पंधरा ग्लास. वास घेतो, तोंडात घेतो आणि थुंकतो. दिवसभरात एक घोटही पोटात जात नाही, गेला तर दुपारपर्यंत नाक निकामी होतं. मी बसमध्ये अत्तर लावलेल्या माणसाच्या शेजारी बसत नाही, कच्चा कांदा सोडलाय. तू अंगणवाडीत पोरांना डोळे बांधून वासावरून भाजी ओळखायला लावायचीस, तेच मी करते आहे असं मला कधी कधी वाटतं. माझ्या आधी या टेबलाशी बाई बसलेली नाही.

तू सभेत जे बोललीस ते मी चार वेळा वाचलं. माझ्या दुकानाला पहिलं कुलूप तू लावशील हेही. ते मला योग्य वाटलं.

दहा तारखेला मी तिथं नसेन. माझं मत डिंगोऱ्यालाच आहे, नाहीतर आडव्या बाटलीवर शिक्का मारायला आले असते.

तुझी
अश्विनी

*

बेळगाव, १४ डिसेंबर २००६

मामा,

मामीचं उत्तर नाही. मतदानाचंही तुम्ही कळवलं नाहीत. जीव टांगणीला लागलाय, पण मुंबईचं सांगितल्याशिवाय राहवत नाही.

हॉटेलच्या मोठ्या खोलीत वीसेक माणसं, व्यापारी आणि हॉटेलवाले. प्रत्येकासमोर पाच ग्लास, फक्त नंबर घातलेले. चार परदेशी धुरकट व्हिस्की, त्यातली सर्वात स्वस्त आमच्या तिप्पट किमतीची, आणि एक आमची. कुठल्या नंबराची कोणती, हे फक्त पिंटोसाहेबांना ठाऊक. मला नंबर घातलेल्या कोऱ्या बाटल्यांतून ग्लास भरायला ठेवलं होतं. बोलायचं नाही, असं मालकांनी बजावलं होतं.

पहिल्या दोन मिनिटांत एकानं ग्लास बाजूला सारला. "हे काय, हॉस्पिटल?" शेजारचा हसला. मग तिसरा म्हणाला, "सोडा मागवा रे." सोडा आला असता तर सगळं संपलं होतं, मामा, पाचही ग्लास सारखेच लागले असते. पिंटोसाहेब माझ्याकडे बघत होते. मालकही बघत होते, पण वेगळ्या नजरेनं.

मी हातातला पाण्याचा जग खाली ठेवला आणि म्हणाले, "सोडा पाच मिनिटांनी देते. आधी चमचाभर पाणी घाला आणि थांबा." एक जण म्हणाला, "का थांबायचं?" मी म्हणाले, "माझे मामा फौजेतले आहेत. त्यांनाही पहिल्यांदा दवाखानाच वाटला होता. थांबल्यावर त्यांना लेह आठवलं. तुम्हाला काय आठवतं ते मला सांगा, नंबर नंतर द्या."

खोलीत हसू फुटलं, पण थांबले. इतकी मोठी माणसं ग्लासाकडे बघत गप्प बसलेली मी पहिल्यांदा पाहिली. मग पुन्हा वास घेतला आणि एकेक बोलू लागला. एक म्हणाला, पावसात भिजलेली होळी. दुसऱ्याला मालवणात वाळत घातलेले मासे आणि मागे पेटवलेला पाला. ज्यानं ग्लास सारला होता त्यानं तो परत ओढला. "ही कोणती, चार नंबर? माझ्या आजोळी उन्हाळ्यात काजू भाजायचे, तसं." सोडा कुणी मागितलाच नाही.

कागद गोळा केले. चार नंबर दुसरा आला. पहिला आला तो जुना नावाजलेला, आणि खरंच तो आमच्यापेक्षा चांगला आहे, मीही त्यालाच पहिला दिला असता. पण तीन परदेशी आमच्या मागे! पिंटोसाहेबांनी "चार नंबर आमची" म्हणून किंमत सांगितली, तेव्हा मागून कुणीतरी "काय?" असं ओरडलं. जेवणाआधी पहिल्या वर्षाचा सगळा माल आगाऊ बुक झाला. आता पिंपं वाढवायची आहेत.

मालकांनी मला मुख्य टेबलाशी जेवायला बसवलं. पिंटोसाहेब परतीच्या गाडीत म्हणाले, "मी पुढच्या वर्षी निवृत्त होतोय. बाटलीवर ब्लेंडरची सही छापतात. ह्या बाटलीवर तू कर." मी म्हणाले, साहेब, तुमचा मान आहे. ते म्हणाले, "मी तर म्हणत होतो लोक पिणार नाहीत. माझी सही कशी चालेल?" आणि मोठ्यानं हसले.

म्हणजे आता नाव सगळ्यांना दिसणार. घरी लपवण्यासारखं काही उरलं नाही. आई-दादांना मी स्वतः येऊन सांगेन.

तुम्ही तरी लिहा. मत कुणीकडे पडलं?

अश्विनी

*

तांबडेवाडी, २३ डिसेंबर २००६

अश्विनी,

तुझं मामांना आलेलं पत्र मीच फोडलं. इथून पुढं सगळी पत्रं आपल्याच घरी येतील, सावळारामच्या घरी नाही.

उत्तर द्यायला उशीर झाला, कारण आधी मतदान होतं आणि मग मी तापानं पडून होते. आता सांगते. आडवी बाटली जिंकली. निम्म्यासाठी जेवढी लागत होती त्यापेक्षा एकावन्न मतं जास्त पडली. भागूनं आदल्या दिवशी जीप फिरवली, बायांना देवदर्शनाला फुकट नेतो म्हणाला, म्हणजे मतदानाला गावात कुणी उरू नये. मतदानाच्या सकाळी सगळ्या जीपमध्ये बसल्या. लेण्याद्रीला जाऊन पायऱ्या चढून दर्शन घेतलं, त्याच्याच जीपनं दुपारी परत आल्या आणि रांगेत उभ्या राहिल्या! म्हातारी साळुबाई आजारी, तिला खुर्चीवर बसवून चौघींनी उचलून आणलं. मत देऊन बाहेर आली आणि म्हणाली, "बाटली झोपवून आले गं." निकाल लागला तेव्हा अंधार व्हायचा होता. बायांनी गुलाल उधळला, हलगीवाला बोलावला, आणि तुझे मामा हलगीपुढं नाचले. त्यांना हलगी ऐकू येत नाही, तरी ताल चुकला नाही. आता मी त्यांच्याशी बोलते.

दुकानाला कुलूप तलाठी आणि पोलिसांनी लावलं. किल्ली फिरवताना लंकाबाईला पुढं केलं होतं.

आता तुझं. तू कळवलं नाहीस याचा राग आला होता, थोडा अजून आहे. आलीस की समोर बसून भांडू. पण तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ती बाटली काढली. मामांकडून तुझ्या सूचना मागून घेतल्या. ग्लास घेतला, तोंड थोडं उघडं ठेवलं, वास घेतला. प्यायले नाही आणि पिणार नाही. आधी मला फक्त राग आला. मग पाणी घालून थांबले. मामांना लेह आठवतं, सावळारामला लोणचं. मला आमच्या अंगणवाडीतला स्टोव्ह विझल्यानंतरचा वास आला, खिचडी खाली लागलेली, आणि बाहेर ओली माती. पोरं जेवून झोपलेली. मी बराच वेळ तो ग्लास हातात धरून बसले.

एक मला समजलं. भागूच्या दुकानातली कुणी वास घेऊन पीत नव्हतं. नाक दाबून प्यायचे. तुझी नाक लावून प्यायची आहे. हे तुला कुणी विचारलं तर माझं नाव सांगून सांग. पण लंकाबाईच्या नवऱ्याला तो फरक कळायचा नाही, म्हणून गावात तुझीही नको. यावर वाद घालू नकोस.

काल महिला मंडळाची बैठक झाली. सव्वीस जानेवारीला शाळेच्या पटांगणात झेंडावंदनानंतर सत्कार करायचे ठरले. साळुबाईचा, कारण ती सगळ्यात वयस्कर. मग लंकाबाई उठली आणि म्हणाली, "अश्विनीचा बी करा." दोघी-तिघी म्हणाल्या, अगं, दारूबंदीच्या कार्यक्रमात दारूवालीचा सत्कार? लंकाबाई म्हणाली, "ती मुंबईला वीस पुरुषांच्या पुढं उभी राहून बोलली, आणि ते गप बसले. मला माझ्या एका पुरुषाला गप बसवाया दहा वर्षं लागली. तिचा सत्कार मी करणार." हात वर करून मत घेतलं. मी मत दिलं नाही, घरची म्हणून. तरीही ठराव झाला.

पत्रिका छापायला दिली आहे. त्यात तुझ्या नावापुढं काय लिहायचं यावर बराच खल झाला. औषध कंपनी लिहावं असं एकीनं सुचवलं. मी नको म्हणाले. "व्हिस्की तयार करणाऱ्या" असं छापतोय, स्पष्ट.

आई-दादांना आदल्या दिवशी डिंगोऱ्याला जाऊन तू सांग. कशाला घाबरतेस, मी बरोबर येईन.

पंचवीसला सकाळपर्यंत पोच. बाटली आणू नकोस. तू ये.

तुझी
इंद्रायणीमामी